देखरेखीच्या सॉफ्टवेअरचा पडदा मंद का चालतो? नवा सर्व्हर घेण्याआधी करावयाचा तपास



आजचा धडा संगणकाचा असला तरी त्याचा संबंध थेट आपल्या गल्ल्याशी आहे. पेढी एका गावात, गोदाम दुसऱ्या गावात आणि कारखाना तिसऱ्या ठिकाणी, अशी आज कित्येक व्यापाऱ्यांची स्थिती आहे. बिल, साठ्याची नोंद, कॅमेरे, कार्डाचे यंत्र, सर्व काही तारेने किंवा इंटरनेटने एकमेकांशी जोडलेले असते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल पाठवायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते आणि ते इंटरनेटवरच तयार होते. लाइन बंद पडली की भरलेला ट्रक दारात उभा राहतो. म्हणून हे जाळे चालू आहे की नाही, यावर रात्रंदिवस पहारा देणारी सॉफ्टवेअर मोठ्या पेढ्या, वाहतूकदार, इस्पितळे आणि शिक्षणसंस्था आता वापरतात. आपल्या समाजातील अनेक मुले नेटवर्किंगचा अभ्यासक्रम करून ही कामे घेतात आणि त्यावर त्यांचे घर चालते.

अशा सॉफ्टवेअरबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. सुरुवातीस सर्व ठीक चालते. वर्षभराने पडदा उघडण्यास अर्धा मिनिट, कधी पूर्ण मिनिट लागू लागते. मालक विचारतो, इलाज काय? उत्तर मिळते, "सर्व्हर जुना झाला, मोठा घ्या." मालक पैसे मोजतो. नवे यंत्र काही महिने बरे चालते आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते, कारण मूळ दोष जुन्या यंत्रातून नव्या यंत्रात जसाच्या तसा आणलेला असतो. म्हणून पैसा खर्च करण्याआधी वेळ नेमका कोठे जातो, ते मोजून पाहावे. हे मोजमाप कसे करावे, तेच या लेखात क्रमाने पाहू.

हे सॉफ्टवेअर काय करते?

पहाऱ्याचे सॉफ्टवेअर जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला ठराविक अंतराने प्रश्न विचारते. तू चालू आहेस का? तुझ्या तारेतून किती माहिती गेली? तुझी डिस्क किती भरली? राउटर, स्विच, प्रिंटर यांना असे प्रश्न विचारण्याची एसएनएमपी नावाची पद्धत १९८८ साली ठरली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत. आलेले प्रत्येक उत्तर वेळेसह नोंदले जाते. उत्तर आले नाही किंवा आकडा मर्यादेबाहेर गेला, तर सॉफ्टवेअर इशारा पाठवते.

उदाहरणासाठी आपण झॅबिक्स हे सॉफ्टवेअर घेऊ. लाटव्हिया देशातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी ते सुरू केले आणि २००१ साली सर्वांसाठी खुले केले. परवान्याचे शुल्क नसल्यामुळे लहान संस्थांनाही ते परवडते. त्याचे तीन भाग ध्यानात ठेवावेत. पहिला भाग सर्व्हर, जो प्रश्न विचारतो आणि उत्तरे गोळा करतो. दुसरा भाग डेटाबेस, म्हणजे नोंदींचे कोठार. यासाठी बहुधा मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस वापरतात. तिसरा भाग वेब पडदा, जो पीएचपी भाषेत लिहिलेला असून अपाची किंवा एनजिनएक्सवर चालतो आणि ब्राउझरमध्ये दिसतो.

येथेच सर्व मेख आहे. आपल्याला दिसतो फक्त पडदा, पण पडद्याजवळ स्वतःचे काहीच नसते. दुकानातील मुलाने प्रत्येक थान गोदामातून आणून दाखवावे, तसे पडदा प्रत्येक आकडा कोठारातून मागवतो. गोदामात रस्ता नसेल तर मुलगा कितीही चपळ असला तरी गिऱ्हाईक ताटकळतेच.

मंद म्हणजे किती मंद?

"फार हळू चालते" या वाक्याने कारागिराला काहीच कळत नाही. आकडा सांगावा. जेकब नीलसन यांनी १९९३ साली आपल्या पुस्तकात तीन मर्यादा दिल्या, त्या आजही मानल्या जातात. एक दशांश सेकंदात उत्तर आले तर माणसाला ते तत्काळ वाटते. एक सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे माणसाचे लक्ष उडते आणि तो दुसऱ्या कामाला लागतो.

पहाऱ्याच्या बाबतीत ही तिसरी मर्यादा महत्त्वाची आहे. ज्या पडद्याला चाळीस सेकंद लागतात तो पडदा माणूस उघडतच नाही. मग डिस्क हळूहळू भरत आली, एखादी लाइन रोज दुपारी तुटते, हे पडद्यावर असूनही कोणी पाहत नाही. पहारेकरी नेमला, पगार दिला आणि त्याचे म्हणणे ऐकले नाही, असा हा प्रकार होतो.

म्हणून पहिले काम हे करावे. एक कागद घ्यावा. मुख्य पान, एका उपकरणाचे पान आणि एक आलेख, अशी तीन पाने सकाळी, दुपारी आणि रात्री उघडून प्रत्येकास किती सेकंद लागले ते लिहावे. तीन दिवसांत सत्तावीस आकडे हाती येतात. दुरुस्तीनंतर फरक पडला की नाही, हे याच कागदावरून कळेल.

पडदा मंद की पहारा मंद?

तपासाला लागण्यापूर्वी एक फरक समजून घ्यावा. पडदा मंद असला तरी पहारा वेळेवर चालू असू शकतो. इशारे वेळेवर जात असतात, फक्त पाहणाऱ्यास त्रास होतो. परंतु कधी पहाराच मागे पडलेला असतो. दर मिनिटाला विचारायचा प्रश्न दहा मिनिटांनी विचारला जातो आणि लाइन तुटल्याचा इशाराही तेवढ्याच उशिरा येतो. हे दुखणे अधिक गंभीर आहे.

झॅबिक्समध्ये हे ओळखण्यासाठी रांगेचे पान आहे. वेळ उलटून गेली तरी ज्यांची उत्तरे आली नाहीत, अशा बाबी तेथे मोजून दाखवल्या जातात. रांग जवळपास रिकामी असेल तर दुखणे पडद्याच्या बाजूचे आहे. रांग लांब असून दहा मिनिटांहून जास्त उशिराच्या रकान्यात आकडे दिसत असतील, तर आधी पहाऱ्याकडे लक्ष द्यावे. एखादे उपकरण बंद असल्यानेही रांगेत नावे दिसतात, म्हणून नावे वाचून पाहावीत. अनेकदा पहारा आणि पडदा दोन्ही मंद असतात. त्याचे कारण दोघे एकाच कोठाराच्या दारात उभे असतात.

वेळ कोठे जातो?

आता मुख्य तपास. पान उघडण्यास लागणारा वेळ तीन ठिकाणी जाऊ शकतो: पाहणाऱ्याच्या संगणकात, मधल्या तारेत, किंवा सर्व्हरच्या बाजूला. हे वेगळे करण्यास पैसे लागत नाहीत. ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबावी, नेटवर्क हा विभाग निवडावा आणि पान पुन्हा उघडावे. पानाचा प्रत्येक तुकडा किती वेळात आला, त्याची यादी समोर येते. सर्वांत मोठ्या आकड्यावर बाण नेला की त्या वेळेचे भाग दिसतात.

उत्तराची वाट पाहण्यातच बहुतेक वेळ गेला असेल, तर दोष सर्व्हरच्या बाजूला आहे. वाट थोडी पाहावी लागली, पण माहिती उतरण्यास फार वेळ गेला, तर मधली लाइन बारीक आहे. दुसऱ्या गावातून पडदा पाहणाऱ्यांना हा अनुभव येतो. हे दोन्ही आकडे लहान असूनही पडदा अडखळत असेल, तर पाहणाऱ्याचा संगणक जुना आहे किंवा एका पानात शेकडो आलेख कोंबले आहेत. हेच पान सर्व्हरच्या खोलीत बसून एकदा आणि शाखेतून एकदा उघडावे, म्हणजे तारेचा दोष लगेच वेगळा होतो.

दोष सर्व्हरच्या बाजूला निघाला तर पुढची पायरी. झॅबिक्समध्ये वापरकर्त्यांच्या गटाला डीबग मोड देता येतो. तो चालू केला की पान तयार करताना कोठाराला कोणते प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला किती वेळ लागला, हे दिसते. दहा सेकंदांच्या पानात साडेनऊ सेकंद कोठाराच्या प्रश्नांना लागले असतील, तर पीएचपी किंवा अपाची बदलून काही साधणार नाही. मायएसक्यूएलमध्ये मंद प्रश्नांची वही ठेवण्याची सोयही आहे. ती मुळात बंद असते, आणि चालू केली तरी दहा सेकंदांहून अधिक लागलेलेच प्रश्न टिपते. ही मर्यादा एक-दोन सेकंदांवर आणून ती वही एक दिवस चालू ठेवावी.

एक लहान पण फसवे कारणही येथेच सांगतो. वेब पडदा अधूनमधून झॅबिक्सच्या सर्व्हरला "तू चालू आहेस ना?" असे विचारतो. मधल्या फायरवॉलने हा प्रश्न अडवला किंवा सर्व्हरचे नाव चुकीच्या पत्त्यावर जात असेल, तर पडदा उत्तराची वाट पाहत काही सेकंद थांबतो. कोठार निरोगी असूनही पडद्यावर सर्व्हर चालू नसल्याची सूचना दिसत असेल, तर सर्वप्रथम हे पाहावे.

हिशेब करून पाहू

बहुतेक ठिकाणी तपास कोठारापाशी येऊन थांबतो. तसे का होते, ते हिशेबाने समजून घेऊ.

समजा, एका संस्थेत १०० उपकरणे आहेत. तयार साचा लावला की एका स्विचवर ६० बाबी सहज मोजल्या जातात. एकूण ६,००० बाबी झाल्या. प्रत्येक बाब दर मिनिटाला विचारली तर सेकंदाला १०० नोंदी होतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसाला ८६ लाख ४० हजार नोंदी. झॅबिक्सच्या अनेक आवृत्त्यांत नवी बाब तयार करताना इतिहास ९० दिवस ठेवण्याचा आकडा आधीच भरलेला येत असे आणि बहुतेक लोक तो तसाच सोडत. ९० दिवसांच्या नोंदी होतात ७७ कोटी ७६ लाख. आकड्यांची एक नोंद साधारण ९० बाइट जागा घेते, असा झॅबिक्सच्या माहितीपुस्तिकेचा अंदाज आहे. त्या हिशेबाने जागा लागते सुमारे ७० गिगाबाइट.

शंभर उपकरणांच्या मध्यम संस्थेचा हा पसारा आहे. सुरुवातीच्या महिन्यात कोठारात थोडेच असते, म्हणून पडदा सपासप चालतो. तीन महिन्यांनी कोठार भरते, आणि पुढे उपकरणे वाढत जातात तसा पडदा जड होत जातो. यंत्राच्या वयाशी याचा संबंध नाही.

आता दुसरी बाजू पाहा. इतिहासाशिवाय झॅबिक्स एक गोषवाराही ठेवते. प्रत्येक बाबीचा दर तासाचा सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी आकडा त्यात असतो. तासाला एकच ओळ. ६,००० बाबींच्या वर्षभराच्या ओळी होतात ५ कोटी २५ लाख ६० हजार आणि जागा लागते पाच गिगाबाइटहून कमी. म्हणजे एका वर्षाच्या गोषवाऱ्याला सात दिवसांच्या कच्च्या इतिहासापेक्षाही कमी जागा पुरते. वर्षभराचा आलेख पाहताना झॅबिक्स गोषवाराच वापरते. मग दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी स्विचमधून किती माहिती गेली, हे जपून ठेवण्यात फायदा कोणाचा? आपण रोजमेळ रोज लिहितो, पण पाच वर्षांपूर्वीची विक्री सांगताना वर्षाची बेरीजच सांगतो.

इलाज पहिला: कमी विचारा, कमी ठेवा

प्रत्येक बाब दर मिनिटाला विचारण्याची गरज नसते. उपकरण चालू आहे का, मुख्य लाइनमधून माहिती वाहते का, असे दहा प्रश्न मिनिटाला विचारावेत. उरलेले पन्नास पाच मिनिटांनी विचारले तरी चालतात. डिस्कची एकूण क्षमता किंवा उपकरणाचे नाव यांसाठी दिवसातून एकदा पुरते. केवळ दहा आणि पन्नास अशी विभागणी केली, तरी आपल्या उदाहरणात सेकंदाला १०० ऐवजी सुमारे ३३ नोंदी होतात. इतिहास ९० दिवसांऐवजी १४ दिवस ठेवला, तर तो चार गिगाबाइटच्या आत येतो. वर्षाचा गोषवारा मिळवूनही एकूण ८ ते ९ गिगाबाइट. सत्तर गिगाबाइटहून अधिक असलेले कोठार आठव्या हिश्शावर आले, एक रुपयाही खर्च न होता.

स्विचचे जे फाटे रिकामे आहेत, ज्यांत तार खोचलेलीच नाही, त्यांच्या बाबी सरळ बंद कराव्यात. चोवीस फाट्यांच्या स्विचमध्ये दहाच वापरात असतील, तर उरलेल्या चौदांचे शून्य दर मिनिटाला लिहून ठेवण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी. मोजमापाचे आकडे वेगळे आणि लॉग, म्हणजे कोण कधी आले-गेले याच्या नोंदी, वेगळ्या. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. म्हणून जागा वाचविण्याच्या भरात लॉग पुसू नयेत. त्याविषयी आपल्या सल्लागारास विचारून ठरवावे.

इलाज दुसरा: सफाईची रीत

जुन्या नोंदी काढण्याचे काम झॅबिक्समधील हाउसकीपर नावाचा भाग करतो. तो तासातासाने उठतो आणि मुदत संपलेल्या नोंदी शोधून काढतो. कोठार लहान असताना हे ठीक चालते. कोट्यवधी ओळी झाल्या की ही सफाईच डिस्कला दमवते, आणि त्या वेळी पडदा उघडणारा अडकतो. पडदा दर तासाला ठराविक वेळीच मंद होत असेल, तर संशय हाउसकीपरवर घ्यावा. झॅबिक्स स्वतःच्या प्रत्येक भागावर किती भार आहे हेही मोजते. हाउसकीपरचा आलेख आणि आपल्या कागदावरील वेळा शेजारी ठेवून पाहाव्यात.

मोठ्या कोठारासाठी चांगली रीत विभागणीची. प्रत्येक दिवसाच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या आणि मुदत संपली की पूर्ण कप्पाच काढून टाकायचा. एकेक चिंधी वेचण्याऐवजी गाठोडेच उचलून बाहेर ठेवावे, तसे हे काम क्षणात होते. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना टाइमस्केलडीबी या जोडणीने ही सोय मिळते. झॅबिक्सने २०१९ साली ४.२ आवृत्तीपासून तिला आधार दिला. मायएसक्यूएलमध्ये विभागणी हाताने करावी लागते आणि मग इतिहास व गोषवाऱ्यापुरता हाउसकीपर बंद करावा लागतो.

मुदत ९० वरून एकदम १४ दिवसांवर आणू नये. कोट्यवधी ओळी एकाच वेळी काढण्याचे ओझे पडून पडदा पूर्वीपेक्षाही मंद होईल. आधी ६०, मग ३०, मग १४, असे टप्प्याटप्प्याने उतरावे. त्यापूर्वी संपूर्ण कोठाराची प्रत काढून दुसऱ्या जागी ठेवावी. ओळी गेल्या तरी मायएसक्यूएलमधील फायलीचा आकार लगेच कमी होत नाही; मोकळी झालेली जागा नव्या नोंदींसाठी वापरली जाते. हे पाहून काम झाले नाही असे समजू नये.

इलाज तिसरा: कोठाराला हाताशी जागा द्या

कोठार वारंवार लागणाऱ्या नोंदी डिस्कवरून उचलून यंत्राच्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये ठेवते. मायएसक्यूएलमध्ये या जागेला इनोडीबी बफर पूल म्हणतात. कोणी बदलला नसेल तर त्याचा आकार १२८ मेगाबाइट असतो. यंत्रात १६ गिगाबाइट रॅम असली तरी कोठार १२८ मेगाबाइटवरच भागवते! सत्तर गिगाबाइटच्या इतिहासापुढे ही जागा पाचशेव्या हिश्शाहूनही कमी आहे. गोदामात हजारो थाने आणि दुकानात दाखवायला एकच फळी, अशी स्थिती. प्रत्येक प्रश्नासाठी डिस्कवर धाव घ्यावी लागते.

केवळ कोठारासाठीच असलेल्या यंत्रात निम्म्याहून बरीच अधिक रॅम बफर पूलला देता येते. त्याच यंत्रात सर्व्हर आणि वेब पडदाही असेल तर साधारण निम्मी द्यावी आणि बाकीच्यांसाठी शिल्लक ठेवावी. वर केलेल्या हिशेबातले ८-९ गिगाबाइटचे कोठार १६ गिगाबाइटच्या यंत्रात जवळजवळ पूर्ण स्मृतीत बसते. पहिला इलाज आधी का करावा, हे यावरून कळेल. कोठार न आवरता रॅम वाढवीत गेलात तर किती वाढवणार?

इलाज चौथा: पडद्यावरची गर्दी कमी करा

भिंतीवर मोठा टीव्ही लावून त्यावर सर्व काही दाखविण्याची हौस असते. समजा एका पडद्यावर २० चौकटी आहेत, त्या दर ३० सेकंदांनी ताज्या होतात आणि दहा जणांनी तो पडदा उघडून ठेवला आहे. मिनिटाला ४०० वेळा कोठाराकडे धाव झाली आणि त्यांतील आठ जण तर जेवायला गेलेले असतात. तेच पाच चौकटी, मिनिटातून एकदा, असे ठेवले तर दहा जणांचे मिळून ५० होतात. मुख्य पडद्यावर फक्त बिघाड दाखवावा. आलेख ज्याला हवा त्याने उघडून पाहावा.

वेब सर्व्हरवर एका वेळी किती पीएचपी कामे चालावीत, याची मर्यादा असते. ती फार लहान असेल तर पाने रांगेत थांबतात. फार मोठी ठेवली तर रॅम संपून सगळेच कोलमडते. ती हळूहळू वाढवावी आणि प्रत्येक वेळी कागदावरील सेकंद पाहावेत.

प्रत्येक सॉफ्टवेअरचे दुखणे वेगळे

वरील इलाज झॅबिक्सचे आहेत. दुसरे सॉफ्टवेअर असेल तर दोषाची जागा बदलते. इथन गॅल्स्टॅड यांनी १९९९ साली नेटसेंट नावाने काढलेले आणि २००२ पासून नागिओस म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर पाहा. नागिओस कोअरमध्ये सर्व उपकरणांची सद्यःस्थिती एका साध्या फायलीत लिहिली जाते आणि पान उघडले की तो पडदा ती फाइल पहिल्या ओळीपासून वाचतो. उपकरणे हजारोंनी वाढली की ही वाचणीच जड होते. तेथे डेटाबेस आवरण्याचा प्रश्न नाही; ती फाइल डिस्कऐवजी रॅममधील जागेत ठेवल्याने आराम पडतो.

तिसरी रीत टोबियस ओटिकर यांची. त्यांनी १९९५ च्या सुमारास एमआरटीजी आणि १९९९ साली आरआरडीटूल तयार केले. त्यात फायलीचा आकार पहिल्याच दिवशी ठरतो. ताज्या नोंदी पाच मिनिटांच्या, त्याहून जुन्या अर्ध्या तासाच्या, मग दोन तासांच्या आणि मग दिवसाच्या सरासरीत आपोआप मिसळत जातात. वर्षे लोटली तरी फाइल वाढत नाही. कॅक्टी आणि लिब्रेएनएमएस ही सॉफ्टवेअर हेच आरआरडीटूल वापरतात. तेथे मंदपणा आला तर तो बहुधा हजारो लहान फायली सतत लिहिण्याचा असतो आणि त्यासाठी आरआरडीकॅश्ड नावाचा मदतनीस आहे. तो नोंदी स्मृतीत साठवून एकत्रितपणे लिहितो.

यावरून हे लक्षात यावे, की शेजारच्या पेढीत ज्या इलाजाने गुण आला तो आपल्याकडे येईलच असे नाही. आधी सॉफ्टवेअर कोणते, ते पाहावे.

मग यंत्र घ्यावे कधी?

नवे यंत्र कधीच घेऊ नये, असे मी म्हणत नाही. बाबी आणि मुदती आवरल्या, सफाई सुधारली, स्मृती नीट वाटून दिली आणि तरीही डिस्क सतत पूर्ण व्यस्त दिसते, तर खर्च करावा. त्यातही आधी डिस्क पाहावी. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणारी जुन्या पद्धतीची डिस्क सेकंदाला १२० वेळाच फिरते, म्हणून इकडे-तिकडे विखुरलेल्या नोंदी ती सेकंदाला साधारण शंभरच्या घरातच वाचू शकते. एसएसडीत फिरणारा भाग नसतो. ती अशा हजारो नोंदी वाचते. त्यानंतर रॅम. पूर्ण यंत्र बदलण्याची पाळी सर्वांत शेवटी येते.

काम देणाऱ्याने आणि काम घेणाऱ्याने

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करून मगच पाऊल उचलण्याची शिकवण आहे. "सर्व्हर जुना झाला" हीसुद्धा एक बातमीच आहे. मालकाने नम्रपणे चार प्रश्न विचारावेत. पान उघडण्यास किती सेकंद लागतात आणि त्यांतील किती कोठारात जातात? सेकंदाला किती नोंदी येतात? इतिहास किती दिवसांचा ठेवला आहे? बफर पूल किती आहे? या चारांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर नव्या यंत्राची मागणी खुशाल मान्य करावी. आकडे मिळाले नाहीत, तर खिशात हात घालण्याची घाई करू नये.

जो तरुण हे काम घेतो, त्याच्यासाठीही एक शब्द. यंत्र विकण्यात एकदा नफा होतो. पण ज्याने दोन तास बसून न विकता पडदा चालता करून दिला, त्या मेहनतीचे दाम जरूर घ्यावेत आणि मालकानेही ते खुशीने द्यावेत. फुकटात सल्ला मागायचा आणि यंत्रावर मात्र हजारो रुपये खर्चायचे, ही आपल्या बाजारातील खोड सोडली पाहिजे. मापात घट न करण्याचा हुकूम कापडाच्या गजाला जसा लागू आहे, तसाच कारागिराच्या मजुरीलाही आहे.

थोडक्यात सांगायचे तर

१. "मंद" म्हणू नका, सेकंद लिहा.
२. पडदा मंद आहे की पहारा, हे रांगेच्या पानावर पाहा.
३. एफ-१२ दाबून ब्राउझर, तार आणि सर्व्हर यांचा वेळ वेगळा करा.
४. बाबी कमी करा, अंतर वाढवा, इतिहास थोडा आणि गोषवारा लांब ठेवा.
५. सफाई टप्प्याटप्प्याने करा; आधी प्रत काढा.
६. बफर पूल तपासा. तो १२८ मेगाबाइटवर असेल तर दुखण्याचे मोठे कारण सापडले.
७. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा सेकंद मोजा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.
८. यंत्राचा खर्च शेवटी. त्यातही प्रथम एसएसडी, मग रॅम.

वर सांगितलेला सेकंदांचा कागद सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवावा आणि दर महिन्याला एक ओळ वाढवावी. आकडा चढू लागला की पडदा अडण्याच्या कितीतरी आधी कळेल.

अल्लाह आपल्या रोजगारात आणि व्यापारात बरकत देवो. आमीन.